मुदतबाह्य

कीटकनाशकाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते ती आतल्या औषधाबद्दल. त्या तारखेनंतर औषधाचा गुण उतरतो. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीलाही अशी तारीख असते, पण ती उलटल्यावर आत काहीच बदलत नाही. उबुंटू १६.०४ ही लिनक्सची आवृत्ती एप्रिल २०१६मध्ये आली आणि तिची पाच वर्षांची नेहमीची मुदत एप्रिल २०२१मध्ये संपली. त्या रात्री तिच्यातलं एक अक्षरही हललं नाही. तिच्यातले दोष शोधून बुजवणारी माणसं दुसऱ्या कामाला लागली, एवढंच झालं. पैसे भरणाऱ्यांसाठी किंवा नोंदणी करणाऱ्यांसाठी त्यांतली काही जण आणखी पाच वर्षं थांबली. म्हणजे ‘अनसपोर्टेड’ हे वस्तूला लावलेलं विशेषण दिसत असलं, तरी खरं तर ते माणसांविषयीचं विधान आहे: कुणीतरी जबाबदारी खाली ठेवली आहे. मग ती उचलायची कुणी? की वस्तूच फेकून द्यायची?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो मंठ्यात. तिथे माझ्या मामांचा भुईकाटा आहे. हंगामात कापसाच्या आणि सोयाबीनच्या गाड्या त्यावर चढतात. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन अशी मराठी पावती डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून निघते आणि शेतकऱ्याच्या पैशांचा हिशेब त्या पावतीवर होतो. पावतीचा प्रोग्राम ओळखीच्या एका विद्यार्थ्याने उबुंटू १६.०४वर लिहून दिला होता. तो आता संपर्कात नाही. गेल्या हंगामाच्या तोंडावर संगणकाचा मदरबोर्ड जळाला. जालन्याहून नवा संगणक आला, बाराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेला. त्यावर जुनी आवृत्ती टाकली तर पडद्यावर मोठी, फाकलेली अक्षरं आली, नेटवर्क दिसेना, आणि काट्याची वायर जोडायला सिरियल पोर्टच नव्हता. हे साहजिक होतं. २०१६चा कर्नल २०२२च्या ग्राफिक्सला कसा ओळखणार? मामांचं म्हणणं साधं होतं: “अरे, पेटी जळाली, प्रोग्राम थोडाच जळाला?”

माझ्या व्यवसायातलं ठरलेलं उत्तर असतं ‘अपग्रेड करा’. ते चुकीचं नाही, पण त्याची किंमत कोण भरतं ते पाहायला हवं. हा प्रोग्राम पायथॉन २ आणि पायजीटीके यांवर उभा होता. पायथॉन २चा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला आणि उबुंटू २०.०४मधून पायजीटीके काढून टाकलं गेलं. म्हणजे इथे अपग्रेड करणं म्हणजे प्रोग्राम नव्याने लिहिणं, तेही रांगेत गाड्या उभ्या असताना. सल्ला देणाऱ्याचे दोन शब्द खर्च होतात, ऐकणाऱ्याचा हंगाम. जो सल्ला पाळण्याचा सगळा भार दुसऱ्यावर पडतो, तो देताना जीभ थोडी अडखळायला हवी.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. जुन्या आवृत्त्या सांभाळणारी माणसंही माणसंच आहेत. लिनक्स कर्नलच्या दीर्घकालीन आवृत्त्या काही काळ सहा वर्षं सांभाळल्या जात. २०२३मध्ये जाहीर झालं की नव्या आवृत्त्यांसाठी ही मुदत दोन वर्षांवर येईल. इतकी जुनी आवृत्ती फारसं कुणी वापरत नाही आणि सांभाळणारे थकले आहेत, असं त्यामागचं कारण. सांगितलेल्या तारखेला थांबणाऱ्याला मी दोष देऊ शकत नाही. दोष द्यायचा तर तारीख सांगून आधीच थांबणाऱ्याला. सेंटओएस ८ ही आवृत्ती २०२९पर्यंत सांभाळली जाईल असं धरून लोकांनी सर्व्हर उभे केले होते. डिसेंबर २०२०मध्ये सांगण्यात आलं की ती २०२१च्या अखेरीस संपेल. मुदत संपणं आणि मुदत मोडणं यांत हा फरक आहे.

मंठ्यात मी जे केलं ते करता आलं, कारण लिनक्सने स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. आपण जिला उबुंटू १६.०४ म्हणतो, त्यात तळाशी कर्नल असतो आणि त्यावर बाकी सगळा पसारा. १९९१मध्ये कर्नल सुरू करणाऱ्या लायनस टॉरवाल्ड्सचा दंडक असा की कर्नल बदलला म्हणून वरचा चालू प्रोग्राम मोडता कामा नये. आतल्या ड्रायव्हरांना मात्र असलं कोणतंही वचन नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमनने लिहिलेला एक मजकूर कर्नलच्याच दस्तऐवजांत आहे, आणि हे वचन का देत नाही ते त्यात स्पष्ट सांगितलं आहे. वर स्थिर, आत मोकळं. त्यामुळे जुन्या पसाऱ्याखाली नवा कर्नल घालता येतो.

आमच्याकडे माळवदाच्या घराचा खांब बुडाशी कुजला की माळवद उतरवत नाहीत. टेकू देतात, कुजका भाग कापतात आणि खाली नवा तळखडा सरकवतात. मी तेच केलं. ६.१ हा कर्नल बांधून १६.०४च्या खाली बसवला. पडदा आणि नेटवर्क जागेवर आले. यूएसबीतून सिरियल पोर्ट काढणारी वायर लावली. प्रोग्रामात पोर्टचं नाव पक्कं लिहिलेलं होतं, म्हणून वायरीलाच ते नाव दिलं. ६.१ निवडायला एक कारण होतं. सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा लिनक्स फाउंडेशनचा २०१६मध्ये सुरू झालेला प्रकल्प काही निवडक कर्नल किमान दहा वर्षं सांभाळतो, आणि ६.१ त्यांपैकी एक आहे. सीमेन्स, हिताची, तोशिबा यांसारख्या कंपन्यांची वीजकेंद्रातली आणि रेल्वेतली यंत्रं दशकानुदशकं चालतात, म्हणून त्यांनी हा खर्च उचलला आहे. कोड खुला असल्याने त्या सावलीत मंठ्याचा भुईकाटाही उभा राहू शकतो.

गाड्या सुरू झाल्या. मामा खूश झाले. माझा प्रश्न मात्र तिथून सुरू झाला. तळखडा नवा असला तरी माळवद जुनंच आहे. ब्राउझर, छपाईची यंत्रणा, पायथॉन यांतले दोष नव्या कर्नलने बुजत नाहीत. आणि या विशिष्ट जोडणीचा सांभाळ जगात कुणीच करत नाही. ती चालवून देऊन मी न बोलता एक वचन दिलं होतं. एखादी गोष्ट ‘चालते’ असं दाखवलं की वापरणारा तिच्यावर विसंबतो. विसंबायला लावून निघून जाणं हे ‘अपग्रेड करा’ म्हणून हात झटकण्यापेक्षा वाईट आहे, कारण यात मदत केल्याचं समाधानही आपण खिशात घालतो.

याचं उत्तर काट्यापाशीच आहे. २००९च्या वैधमापन कायद्याखाली भुईकाट्याची ठरावीक मुदतीने फेरतपासणी होते आणि शिक्का बसतो. निरीक्षक काटा कोणत्या साली घेतला हे पाहून भागवत नाही. प्रमाणित वजनं ठेवून काटा खरं बोलतो का ते बघतो. वीस वर्षांचा काटा शिक्क्यासह विश्वासाचा, आणि काल बसवलेला काटा शिक्क्याविना बेकायदा. विश्वास जुन्या-नव्यावर नाही, कुणीतरी पुन्हा पुन्हा येऊन पाहतं यावर आहे.

म्हणून मी मामांना तीन गोष्टी सांगितल्या. या संगणकाला इंटरनेट जोडायचं नाही. नेटवर्कची वायर फक्त शेजारच्या खोलीतल्या हिशेबाच्या संगणकापर्यंत जाईल. डिस्कच्या दोन प्रती आहेत. बिघडलं तर ती कशी बदलायची हे वहीत मराठीत लिहिलं आहे, कुणालाही वाचून करता येईल असं. आणि ही सोय दोनच हंगामांची आहे. तेवढ्यात मी प्रोग्राम नव्याने लिहून देईन, नाही जमलं तर पैसे देऊन लिहून घेऊ, पण ते हंगाम संपल्यावर, गाड्या नसताना.

“म्हणजे तूही तारीखच देतोस की,” मामा म्हणाले. हो. पण ती कोण पाळणार आहे हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी कॅलेंडर काढलं आणि काट्याच्या फेरतपासणीच्या तारखेखाली माझी तारीख लिहिली, शेजारी माझा फोन नंबर.