पाचवा पाहुणा

चार माणसे आपल्या भाषेत रंगून बोलत बसली आहेत. पाचवा येतो. त्याला ती भाषा येत नाही. आता बोलणे कोणत्या भाषेत चालावे? प्रश्न दिसायला शिष्टाचाराचा. पण जरा खोल गेले की तो न्यायाचा होतो. बहुमताने ठरवायचे तर चौघांचा विजय ठरलेलाच आहे, आणि पाचव्याने आपली फराळाची बशी घेऊन कोपऱ्यात बसायचे!

मी जतचा. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा हा तालुका, अथणी आणि विजापूर यांच्या शेजारचा. डफळ्यांचे संस्थान १९४८ साली विलीन झाले, मग आम्ही दक्षिण साताऱ्यात मोडू लागलो, आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. कागदावरची नावे बदलली, बाजाराची रीत तीच राहिली. पूर्वेच्या खेड्यातली बाई कानडीत भाव विचारते. घरी मराठी बोलणारा दुकानदार कानडीतच घासाघीस करतो, आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळून तोच भाव मराठीत सांगतो. आपण काही उदारपणा करीत आहोत, असे त्याच्या मनातही येत नाही. माल खपवायचा तर जीभ वळवावी लागते, एवढेच. पण गरजेपोटी लागलेली सवयही पुढे माणसाला शोभून दिसते.

आणि केवळ बाजारच कशाला? आमच्या उमदीचे भाऊसाहेब महाराज घ्या. त्यांच्या संप्रदायात मराठी अभंग आणि कानडी पदे एकाच भजनात नांदतात. त्यांचे शिष्य गुरुदेव रानडे यांनी मराठी, हिंदी आणि कानडी संतांवर वेगवेगळे ग्रंथ लिहिले. तिन्ही भाषांचे मिळून एकच मिश्रण करावे, असे त्या तत्त्ववेत्त्याला वाटले नाही. मला हे फार महत्त्वाचे वाटते.

परदेशी गेलेल्या आपल्या माणसांत हा प्रश्न निराळे रूप घेतो. माझा पुतण्या दुबईला असतो. त्याच्याकडे गेलो असता एका संध्याकाळी पाच-सहा कुटुंबे जेवायला जमली: आपली मराठी, एक गुजराती, एक लखनौकडचे, एक मदुरेचे. बोलणे अर्थातच हिंदीत सुरू झाले. मदुरेच्या बाईंना ती जेमतेम कळत होती. त्या हसण्याच्या जागी हसत होत्या, पण अर्धा क्षण उशिरा. कोणीतरी सहज म्हणाले, “भारतीय असून हिंदी येत नाही?” बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. पण घटनेने हिंदी ही संघाची राजभाषा केली आहे, भारतीयत्वाची परीक्षा केलेली नाही. आणि आठव्या परिशिष्टात आज बावीस भाषा आहेत.

माझी थोरली बहीण त्या वेळी तिथे होती. तिला सारे ‘अक्का’ म्हणतात. पुतण्याने “अक्का, पाणी” अशी हाक मारली, तशा त्या बाई चमकल्या. त्यांच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात! आमच्या अक्काला कानडी येते, तमिळ नाही. तरी पुढचा तासभर ताटातल्या एकेका पदार्थाकडे बोट दाखवून दोघींची नावांची देवघेव चालली होती. आम्ही हिंदीवाले आपल्या गप्पांत. ज्ञानाची उलाढाल कोणत्या टोकाला जास्त झाली, हे सांगायला नको.

म्हणून समाईक भाषा नको, असे मात्र मी म्हणणार नाही. आखातात कित्येक मल्याळी माणसे हिंदी शिकली ती कोणाच्या सक्तीने नव्हे, शेजाऱ्याशी आणि गिऱ्हाइकाशी बोलण्यासाठी. फिजीत १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार गिरमिटिये उसाच्या मळ्यांवर नेले गेले. अवधी-भोजपुरी बोलणाऱ्यांच्या सहवासातून तिथे एक नवी हिंदी घडली. मागाहून, १९०३ पासून, तमिळ-तेलुगू मजूर आले. त्यांनीही तीच उचलली. मळ्यावर एकमेकांना हाक मारता आली, हे लहान सुख नव्हे. पण त्यांच्या नातवंडांच्या तोंडून तमिळ-तेलुगू हळूहळू नाहीशी होत गेली. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचेही तसेच. तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, शाळांतून मराठी शिकवतात; घरातले बोलणे मात्र बहुतेक क्रेओलमध्ये.

तेव्हा समाईक भाषेला किंमत पडते. ती कोण देतो, हे पाहिले पाहिजे. मी तुझ्यासाठी वळलो आणि उद्या तू माझ्यासाठी वळलास, तर ते सौजन्य. दर वेळी एकानेच वळायचे असेल तर त्याला सौजन्य म्हणवत नाही; तो कर झाला. संख्येने मोठा असलेला माणूस हा कर सहसा भरत नाही, आणि बहुधा त्याला तो दिसतही नाही.

हे बोलताना मला आमच्या जतकडेही पाहावेच लागते. बाजाराचे मी कौतुक केले खरे, पण कचेरीत बाजाराची रीत चालत नाही. तालुक्यात कानडी माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत, त्यातली मुले मराठी शिकतात. मराठी शाळेतला मुलगा कानडी शिकला तर गल्लीत, गोट्या खेळताना. पूर्वेकडचा एखादा म्हातारा शेतकरी सात-बाराचा उतारा हातात धरून चौकात उभा असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, यात काय लिहिले आहे? वाचून दाखवणारे कोणी ना कोणी भेटते. तोवर तो उन्हात थांबतो.