मावळत्या उजेडातील नेम

गेल्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातून मला एक पत्र आले. लिहिणारा तरुण आमच्याच धर्मग्रामातला, नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेला. (त्याच्या अनुमतीनेच मी हे लिहीत आहे. ही गोष्ट प्रायश्चित्त संस्कारात सांगितलेली नाही, हेही आरंभीच स्पष्ट करतो.) सहकाऱ्यांच्या संगतीने तो धनुर्बाणाने हरणाची शिकार करू लागला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा गुन्हाच ठरला. तिकडे मात्र रीतसर परवाना काढून, ठरलेल्या मोसमात ती करता येते, आणि मारलेले हरिण घरी शिजते.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी, सूर्यास्तानंतर, परंतु कायद्याने दिलेल्या वेळेच्या आत, त्याने बाण सोडला. बाण लागला. हरिण पळाले. रक्ताचा माग एका ओढ्यापर्यंत मिळाला आणि पुढे अंधारात हरवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधूनही हरिण सापडले नाही. "फादर," त्याने विचारले होते, "माझ्या पीपचे छिद्र लहान होते आणि पिन दिसत नव्हती. पुढच्या मोसमासाठी मोठ्या छिद्राचा पीप आणि दिव्याची पिन घेतली, तर असे पुन्हा होणार नाही ना?"

प्रश्न अर्धा दुकानदाराला विचारलेला आणि अर्धा धर्मगुरूला. प्रथम मला तो काहीसा पोरकट वाटला, हे कबूल करतो. परंतु विचार करू लागलो तसे ध्यानात आले, की अपुऱ्या उजेडात कृती करणाऱ्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे.

आधी ती साधने समजून घेऊ. हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या मिसुरीतील गृहस्थांना १९६९ साली ज्याचे पेटंट मिळाले, ते कप्प्यांचे कंपाउंड धनुष्य आज तेथील शिकाऱ्यांच्या हाती सर्रास असते. त्याच्या प्रत्यंचेच्या धाग्यांमध्ये एक लहानशी कडी बसवलेली असते, तिला पीप म्हणतात. प्रत्यंचा ओढली की ही कडी डोळ्यासमोर येते. धनुष्याच्या मुठीवर पुढे एक गोल चौकट असते, ती साइट. तिच्यात बारीक पिना असतात. पीपच्या छिद्रातून चौकट नेमकी मध्यभागी दिसली आणि पिनेचे टोक हरणाच्या खांद्यामागे स्थिरावले, की नेम साधला.

भर दिवसा हे सोपे असते. परंतु हरिण बाहेर पडते ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. काळोखात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत विस्फारते. (माझ्या वयात तेवढे औदार्य तिच्यात उरत नाही.) पीपचे छिद्र पाव इंचाचे, म्हणजे सव्वासहा मिलिमीटरांच्या आसपास असेल, तर बाहुलीला मिळणारा उजेड फारसा अडत नाही. तेच छिद्र अष्टमांश इंचाचे असेल, तर व्यास निम्मा होतो आणि उजेड चौथा हिस्साच उरतो. लहान छिद्राने नेम अधिक काटेकोर होतो खरा, परंतु संध्याकाळी सारे दृश्यच काळवंडते. म्हणून शिकारी मोठे छिद्र घेतात आणि चौकटीचे वर्तुळ पीपच्या वर्तुळात नीट बसवून काटेकोरपणाची उणीव भरून काढतात. पीपविषयीची त्या तरुणाची तक्रार रास्त होती.

पिनेची गोष्ट निराळी आहे. फायबर ऑप्टिकची पिन आसमंतातला प्रकाश आपल्या लांबीभर गोळा करते आणि टोकाशी चमकते. दिवस मावळतो तशी तीही मंदावते. मग काहीजण बॅटरीचा छोटा दिवा लावून ती उजळतात. हा दिवा थोडा जरी प्रखर झाला, तरी पिनेभोवती प्रभा पसरते, डोळा तिलाच सरावतो आणि पलीकडचे हरिण आणखी अंधारात जाते. मोठ्या पीपमधून हरणावरचा उजेड डोळ्यापर्यंत पोहोचतो. दिव्याने फक्त पिन उजळते. माझा नेम कोठे रोखला आहे हे दिवा मला सांगतो. समोर काय उभे आहे, ते कसे उभे आहे, मागे कोण आहे, यांपैकी काहीच तो सांगत नाही.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना शिकाऱ्याचे एक जुने उदाहरण आमच्यापुढे ठेवले जात असे. झुडपात काही हलते आहे. ते हरिण आहे की माणूस, याविषयी शिकाऱ्याच्या मनात खरी शंका आहे. त्याने बाण सोडावा काय? उत्तर निःसंदिग्ध होते: सोडू नये. ते हरिणच असण्याचा संभव कितीही मोठा असला, तरी जेथे दुसऱ्याच्या प्राणाचा प्रश्न आहे तेथे संभव पुरत नाही. लेखी नियमाच्या बंधनाविषयी शंका असेल, तेथे ख्रिस्तसभा माणसाला मोकळीक देते. पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ मध्ये अतिशिथिल मते धिक्कारली, तशी पोप अलेक्झांडर आठवे यांनी १६९० मध्ये अतिकठोर मतेही धिक्कारली. नियमाविषयीची शंका आणि समोरच्या वस्तुस्थितीविषयीची शंका यांत मात्र हे शास्त्र फरक करते.

येथे कोणी म्हणेल, हरिण म्हणजे माणूस नव्हे. मान्य. परंतु प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने सांगितले आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या विश्वपत्रात ते पुन्हा मांडले. बाणाने मृत्यू येतो तो रक्तस्रावाने. फुप्फुसांतून आरपार गेलेला बाण हरणाला काही क्षणांत शांत करतो. तोच वीतभर मागे, पोटात लागला, तर हरिण कित्येक तास जगते. अपुऱ्या उजेडात चुकते ती ही एक वीतच. आणि नंतर माग काढायला उजेडही उरत नाही.

मराठी वाचकाला येथे दशरथ आठवेल. शरयूच्या काठी घडा भरण्याचा आवाज झाला, राजाने तो हत्तीचा मानला आणि शब्दवेधी बाण सोडला. नेम अचूक होता. आपल्या कौशल्यावर विसंबून त्याने बाण सोडला आणि श्रावण गेला. इसहाकाची गोष्टही मला याच जातीची वाटते. दृष्टी मंदावलेली, मन शिकारीच्या मांसावर, कान सांगतात याकोब आणि हात सांगतात एसाव. म्हाताऱ्याने हातांवर विश्वास ठेवला.

त्या तरुणाला मी उत्तर लिहिले. पीप पाव इंचाचा घे, पिना कमी ठेव, दिवा घेऊ नकोस. फायबरची पिन दिवसाबरोबर मावळते, हा मला तिचा दोष वाटत नाही. पिनेवर आणि हरणावर पडणारा उजेड एकाच आकाशातला असतो. ती दिसेनाशी झाली की झाडावरून खाली उतर. कायदा सूर्यास्तानंतर अर्धा तास देतो, परंतु कायदा पंचांग पाहतो. ढग आणि हेमलॉकच्या झाडांची सावली त्याला दिसत नाही. पहाटेची शिकार मी अधिक सुरक्षित मानतो. पहाटे थांबले तर शंका कमी होते, संध्याकाळी थांबले तर वाढते, आणि म्हणूनच संध्याकाळी माणूस घाई करतो.

हे पाप होते काय, हेही त्याने खाली बारीक अक्षरात विचारले होते. बाण सोडताना शंका होती काय, असे मी उलट विचारले. आठवड्याने उत्तर आले: "होती, फादर. पण तिथे मी तीन तास बसलो होतो."