अभ्यासाचे तास कोणाच्या खात्यावर?

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेली. कामगाराची लेखी संमती तेवढी हवी. ही बातमी ताजी असतानाच 'कौशल्य आणि महाराष्ट्र' अशा भारदस्त विषयावरच्या एका परिसंवादाला मी गेलो. शेजारच्या खुर्चीतल्या उद्योजकांनी दोन तक्रारी एका दमात केल्या. पहिली, कुशल माणूस मिळत नाही. दुसरी, आहे तो माणूस शिकायला तयार नाही. परीक्षा दे म्हटले की वेळ नाही म्हणतो. मग आवाज चढवून ते म्हणाले, इच्छा असली की रस्त्याच्या दिव्याखालीही अभ्यास होतो, बाबासाहेबांनी नाही केला? टाळ्या पडल्या. उत्तराला मला दोन-तीन मिनिटे मिळाली. संपादकांनी त्यापेक्षा जास्त जागा दिली आहे, तिचा फायदा घेतो.

आधी हा 'आहे तो माणूस' कोण ते पाहू. भोसरीत, अंबडला किंवा वाळूजला लेथवर उभा असलेला पस्तिशीतला माणूस. दहावी झाली किंवा राहिली, हेल्पर म्हणून लागला, बघत बघत टर्नर झाला. कागदावर तो अजून अकुशलच आहे आणि पगार कागद बघून ठरतो. आयटीआयला वयाची वरची अट नाही, म्हणून तो प्रवेश घेऊ शकतो. पण तिथे ८० टक्के हजेरी लागते आणि वर्ग दिवसा भरतात, म्हणजे नोकरी सोडावी लागते. दुसरी वाट खासगी उमेदवाराची. त्या धंद्यातला तीन वर्षांचा अनुभव दाखवायचा आणि अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसायचे. कागदावर ही वाट चांगली आहे. अडते ते 'वर्कशॉप कॅल्क्युलेशन' आणि 'ड्रॉइंग'च्या प्रश्नांत. शाफ्टला टेपर काढायचा तर कंपाउंड स्लाइड किती अंशांत फिरवायची, हे त्याच्या मनगटाला ठाऊक असते. दोन कट मारून, मायक्रोमीटर लावून तो अचूक कोनावर येतो. पेपर मात्र विचारतो, मोठा व्यास वजा छोटा व्यास, भागिले लांबीची दुप्पट, हा ज्याचा टॅनजंट तो कोन काढा. टॅनजंट त्याने ऐकला असेल तर नववी-दहावीत, आणि तेव्हाही बहुधा नुसताच ऐकला. जॉब करून दाखवण्यात तो पैकीच्या पैकी मिळवतो आणि अपूर्णांकांत नापास होतो.

त्याला काय लागते? कोणी शेजारी बसून, त्याच्याच जॉबवरून, टॅनजंट समजावून सांगणारे. बसायला जागा. आणि डोके जागे असतानाचे तास. पहिल्या दोन गोष्टी पैशाने होतात. तिसरीची गोष्ट निघाली की दिव्याखालचा विद्यार्थी पुढे केला जातो.

बाबासाहेबांचे नाव त्या सभागृहात ज्या सहजतेने घेतले गेले, त्यासाठी थोडे थांबले पाहिजे. परळच्या चाळीतली एकच खोली, त्यात सारा संसार, धूर आणि जाते. वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवत आणि त्याने रिकामी केलेल्या जागेवर आडवे होत. ही हकिकत आपण जिद्दीचा धडा म्हणून मुलांना सांगतो. नीट वाचली तर ती व्यवस्थेची हकिकत आहे. घरात जागा एकाच्याच झोपेपुरती होती, म्हणून एका प्रौढ माणसाने आपली झोप मुलाच्या अभ्यासाच्या वेळापत्रकाला जोडून घेतली. किंमत बापाने मोजली, आणि मुलाच्या हाती शांत, जागे तास दिले. या गोष्टीत रामजींच्या जागी आज कोण उभे राहणार, हे आमच्या उद्योजकांनी सांगितले नाही. संध्याकाळी सातला शिफ्ट सुटलेल्या पस्तिशीच्या टर्नरसाठी रात्री दोनपर्यंत कोणी जागत नसते. तोच कोणाचा तरी बाप असतो.

पुढचेही पाहा. सयाजीराव गायकवाडांनी महिना २५ रुपये दिले म्हणून बाबासाहेब बी.ए. झाले. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ गाठले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. इच्छाशक्तीनेच भागायचे असते तर भीमराव आंबेडकरांइतकी इच्छाशक्ती त्या काळात दुसऱ्या कोणाकडे होती? तरीही ते थांबले, कारण पैसे आणि तास संपले. मग सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून साठवलेली पुंजी, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे पाच हजारांचे कर्ज एवढे जमले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. ज्या आयुष्याचा दाखला 'मदतीवाचून होते' म्हणून देतात, त्याचे प्रत्येक वळण कोणी, किती आणि केव्हा दिले यावर ठरले आहे.

आणि १९४६ मध्ये स्वतः महाविद्यालय काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी काय केले? सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे पोरांना वर्ग आटोपून कचेरीत नोकरीला जाता यावे. 'मी पहाटे दोनला उठलो, तुम्हीही उठा' असे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी वेळापत्रक बदलले. त्यांच्या आयुष्याचा कष्टाळू अर्धा आपण भाषणाला वापरतो. त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र कोणी उचलत नाही.

याच्याही आधी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा चालवली. रात्रशाळेचा महाराष्ट्राला केवढा अभिमान! गिरणगावातल्या कितीतरी पिढ्या तिथून मॅट्रिक झाल्या. त्याच रात्रशाळांमधले दिवसा एकीकडे आणि रात्री दुसरीकडे शिकवणारे शिक्षक २०१७ च्या शासन निर्णयाने काढले गेले, तेव्हा या अभिमानाने एक दिवसही बंद पाळला नाही. दुसरीकडे पुण्याच्या सदाशिव पेठेत जा. स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका, नंबर टाकलेली टेबले, एसी, रात्रभर उघडे दार, खाली चहा. मला त्या मुलांचा हेवा नाही, त्यांचे हालही मी पाहिले आहेत. पण वायरमनच्या परवान्याच्या किंवा बॉयलर परिचराच्या परीक्षेला बसणाऱ्यासाठी अशी एक तरी अभ्यासिका चाकण-रांजणगावात दाखवा. अधिकारी होऊ पाहणाऱ्या बेकाराच्या अभ्यासाला शहर जागा देते. नोकरीवर असलेल्या कामगाराच्या अभ्यासाला जागा लागते, हे अजून कोणाच्या डोक्यात आलेले नाही.

मुक्त विद्यापीठाने हे ओळखले होते, हे मान्य केले पाहिजे. १९८९ मध्ये नाशिकला राम ताकवल्यांनी ते उभे केले, शालान्त प्रमाणपत्र नसलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला, गावोगाव अभ्यासकेंद्रे काढली आणि संपर्क सत्रे बहुतेक सुटीच्या दिवशी, रविवारी ठेवली. रविवारच का, याचे उत्तर सरळ आहे: कामगाराकडे दुसरा दिवसच नाही. पण हा रविवार तरी आला कुठून? नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, सहा वर्षे भांडण चालवले, तेव्हा १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुटी मिळाली. ती विश्रांतीसाठी मागितली होती, आणि समाजाचे काही काम करता यावे म्हणूनही. त्या एकाच दिवसात आता झोप, बाजार, मुलांचा अभ्यास, गावाकडचे लग्न आणि संपर्क सत्र बसवायचे आहे. बाईमाणूस असेल तर आठवड्याचे धुणेही त्याच दिवसात. रात्रशाळा बाईच्या कधी उपयोगाची नव्हतीच. तिला दुपारी दोन ते चार लागतात. १९६७ मध्ये मुंबईत देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले, त्यामागची कल्पना हीच होती. कामगाराची पाळी, वस्ती आणि गरज बघून वर्ग बेतायचे. पुढे त्याचे जन शिक्षण संस्थान झाले. कल्पना मोठी होती. तिच्या वाट्याला आलेला पैसा कधी मोठा नव्हता.

वर्ग वाढवा, अभ्यासिका काढा, फी माफ करा, गणिताचा मास्तर द्या, ही माझीच बाजू, आणि इतकी वर्षे मी ती मांडत आलो. पण बारा तासांच्या दिवसापुढे ती तोकडी पडते. बारा तास काम, दोन तास जाणे-येणे, सात तास झोप. उरलेल्या तीन तासांत अंघोळ, जेवण आणि पोरांचे तोंड पाहणे. फुकट अभ्यासिका काढली तरी तो तिथे जाऊन पुस्तकावर मान टाकून झोपेल, आणि त्याने झोपावेच. मदत द्यायची ती सुटीला आणि झोपेला कात्री लावूनच वापरता येत असेल, तर ती मदत कामगारानेच कामगाराला केलेली असते. तेव्हा प्रश्न सोयींचा राहत नाही. अभ्यासाचे तास कोणाच्या खात्यावर टाकायचे, एवढाच उरतो.

आणि या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यात आधीच लिहिलेले आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या दहाव्या कलमात म्हटले आहे की शिकाऊ उमेदवार संबंधित विषयाच्या वर्गाला घालवतो तो वेळ त्याच्या पगारी कामाच्या वेळेतच धरावा. म्हणजे वर्गात बसणे हे काम आहे, हे तत्त्व देशाने साठ वर्षांपूर्वीच मान्य केले. फक्त ते अठरा-वीस वर्षांच्या ॲप्रेंटिससाठी. त्याच यंत्रावर, त्याच वर्गात, तेच टॅनजंट शिकणारा पस्तिशीचा माणूस बसला की ते काम राहत नाही, त्याची हौस होते. का, याचे समर्थन मला अजून कोणाकडून ऐकायला मिळालेले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ मध्ये पगारी शैक्षणिक रजेचा करार (क्रमांक १४०) केला. भारताने तो स्वीकारलेला नाही. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत कामगाराला वर्षाला साधारण पाच दिवस अशी रजा हक्काने मिळते, आणि जर्मन कारखानदारी त्यामुळे बुडाल्याचे ऐकिवात नाही. आपले उद्योजक जर्मनीला यंत्रे बघायला जातात. ही रजा बघून यायला कोणी हरकत घेतलेली नाही.

आता खरा आक्षेप. तो त्या उद्योजकांचा नव्हे. परिसंवादानंतर चहाच्या टेबलावर एका छोट्या वर्कशॉपवाल्याने तो घेतला. "साहेब, माझ्याकडे पाच माणसं. त्यातला एक आठवड्याला अर्धा दिवस वर्गाला गेला तर मशीन बंद, आणि पास झाला की शेजारच्या कंपनीत जाणार. मी का पोसू?" यात लबाडी नाही. मोठी कंपनी रजा देऊ शकते, पण मोठ्या कंपनीत आता कंत्राटीच जास्त, आणि कंत्राटदार म्हणतो माणूस माझा नाही. म्हणजे एकट्या मालकाच्या खांद्यावर हे ओझे टाकले तर ते कायद्याच्या पुस्तकातच राहील.

पण विखुरलेले मालक आणि अनेकांच्या दारात राबणारा कामगार, हे कोडे महाराष्ट्राने एकदा सोडवले आहे. १९६९ चा माथाडी कायदा. आज या व्यापाऱ्याची, उद्या त्या गोदामाची पोती उचलणाऱ्या हमालाला भरपगारी रजा, भविष्य निर्वाह निधी, बोनस कोण देणार? अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून उत्तर निघाले: सगळ्या मालकांनी मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरायची, आणि हमालाचे हक्क मंडळाने सांभाळायचे. हमाल कोणाच्या दारात आहे याच्याशी रजेचा संबंध उरला नाही. हीच रीत औद्योगिक वसाहतीपुरती लावून पाहा. प्रत्येक गाळेवाल्याकडून पगारावर अल्पशी लेव्ही. वसाहतीच्या मंडळाने वर्गाच्या तासांचा पगार भरायचा, बदली टर्नर पाठवायचा, एका गाळ्यात अभ्यासिका चालवायची. माणूस शिकून शेजारी गेला तरी शेजाऱ्यानेही लेव्ही भरलेली असेल. पाच माणसांच्या वर्कशॉपवाल्याची तक्रार इथे बरीचशी मिटते.

माथाडी मंडळांत बोगस नोंदण्या झाल्या, गुंडगिरी शिरली, हे मला ठाऊक आहे. परिसंवादातल्या त्या उद्योजकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. मग बोगस नोंदण्या अडवणारे मंडळ कसे असावे, लेव्ही किती टक्के असावी, बदली टर्नर कुठून आणायचा, यावर त्यांनी बोलावे. त्या हिशेबाला मी कधीही बसायला तयार आहे. बारा तासांच्या पाळीनंतर दिव्याखाली मात्र त्यांनी आधी स्वतः एक महिना बसून पाहावे, टॅनजंटचे पुस्तक मी पाठवतो.