ओझ्याचे माप

गेल्या मे महिन्यात रत्नागिरी स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी रजा संपवून निघालेला एक तरुण जवान होता. त्याच्या पायाशी ठेवलेल्या पाठपिशवीविषयी सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सरावाला निघताना हिचं वजन ठरलेलं असतं, फादर. तोलूनच पाठीवर घेतो." तेवढ्यात डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली ओळखीची एक बाई समोर आली. तिलाही विचारले. ती हसून म्हणाली, "डोक्यावरचं कोण तोलतंय, फादर?"

या दोन उत्तरांनी माझ्या मनात एक प्रश्न उभा केला. ओझे माणसाला हीन करते, की त्या ओझ्याची मोजदाद न होणे?

एकोणिसाव्या शतकातील पायदळाच्या शिपायाचे ओझे थोडेथोडके नव्हते. नुसती बंदूक व संगीन मिळून सुमारे ५ किलो. त्यात काडतुसे, कपडेलत्ते, शिधा व पाणी मिळवले की युरोपीय शिपायाच्या अंगावरचा भार सुमारे २७ किलोवर जाई. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री मुंबई फौजेची एक पलटण शिरूरहून निघाली, रात्रभर सुमारे ४३ किलोमीटर चालली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव येथे अन्नपाण्याविना दिवसभर लढली.

पुढे या भाराचा शास्त्रीय विचार सुरू झाला. इंग्लंडमध्ये एडमंड पार्क्स या वैद्यकाने १८६० नंतरच्या दशकात त्याचा अभ्यास केला; छातीवर आवळलेल्या पट्ट्यांनी हृदय व फुप्फुसे यांना होणारा जाच ध्यानात घेऊन १८७१ मध्ये ब्रिटिश शिपायांसाठी नवा सरंजाम आला. शतकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये त्सुंट्झ व शुम्बुर्ग यांनी २२, २७ व ३१ किलोचे भार देऊन माणसे चालवली. थंड हवेत २२ किलो सोसत होते; ३१ किलोचा अपाय सरावानेही टळत नव्हता. यात राज्यकर्त्यांचा स्वार्थ होताच. थकलेला शिपाई लढणार कसा? तरीही स्वार्थाने का होईना, माणसाच्या सोसण्याला मर्यादा असते हे मान्य झाले.

शिपायाच्या मागून चालणाऱ्यांचे काय? १८३८ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेवर निघालेल्या बंगाल फौजेत सुमारे ९,५०० सैनिक होते आणि त्यांच्यामागे ३८,००० बाजारबुणगे. एका सैनिकामागे चार माणसे! तंबू, डोल्या, धान्य यांची ने-आण करणाऱ्या या हातांना कोणी तराजू लावला? आपल्या गावगाड्यातही तेच. वतनाच्या नावाखाली महारांनी सरकारी माणसांचे सामान वाहावे, निरोप पोहोचवावेत. त्याला ना वजनाची सीमा, ना वेळेची. ही वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

म्हणूनच दापोलीची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लष्करातून १८८६ मध्ये निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर तेथे राहत. महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांनी १८९४ मध्ये अर्जाचा मसुदा तयार केला. वरवर पाहता हे नवलच. खांद्यावरचे ओझे उतरले असताना ते परत का मागावे? पण शिपायाच्या ओझ्याबरोबर पगार होता, हुद्दा होता, निवृत्तिवेतन होते, हजेरीपटावर नाव होते. वेठीच्या ओझ्याबरोबर यातले काहीच नव्हते. खांदा तोच, एक ओझे त्याला माणूस मानत होते, दुसरे मानत नव्हते.

प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनात सक्तीने एक कोस नेणाऱ्याबरोबर दोन कोस जाण्याचा उपदेश आहे. मराठी शास्त्रात तेथे 'वेठ' हा आपल्याच गावचा शब्द आला आहे. कुरेनेकर शिमोनाच्या खांद्यावर क्रूस दिला गेला तेथेही तोच. मात्र दुसरा कोस वाहणाऱ्याने स्वखुशीने द्यायचा असतो. ओझे लादणाऱ्याने तो उपदेश दुसऱ्याला ऐकवू नये. त्याच्या वाट्याला तराजू धरण्याचे काम आहे. आपल्या घरी, शेतावर, आणि होय, आमच्या धर्मग्रामातही, राबणाऱ्यांची ओझी आपण कधी तोलली आहेत का?

त्या दिवशी बाईची पाटी खाली उतरवण्यास मी हात लावला. माझ्या एकट्याच्याने ती उतरेना. शेवटी जवान उठला आणि आम्ही दोघांनी मिळून ती खाली ठेवली. तिचे वजन मला तेव्हा कळले.