बिनपावतीची ठेव

बँकेच्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला पावतीशिवाय काही सोडून द्या म्हटलं, की पोटात गोळा येतो. आणि हल्ली तर गोळेच सोडून द्यायची टूम निघाली आहे. माती, शेणखत आणि रानफुलांचं बी एकत्र मळायचं, लाडू वळायचे, सावलीत वाळवायचे आणि पावसाच्या तोंडावर कुठल्यातरी माळावर भिरकावून घरी चहाला यायचं. पुण्य त्याच दिवशी जमा! झाड उगवो न उगवो.

ही रीत जगभर गाजवली जपानच्या फुकुओकांनी. पण ते गृहस्थ गोळे टाकून निघून जात नसत. पाखरं-उंदरांनी बी खाऊ नये म्हणून स्वतःच्या शेतात टाकत आणि वर्षभर तिथेच राहत. आपण मात्र गोळा टाकला की पाठ फिरवतो. याला दान म्हणायचं की नुसतं टाकून देणं? शिवाय माळ उघडा दिसला म्हणजे काही बेवारस खातं नव्हे. आमच्या नगर जिल्ह्यातच (२०२४ पासून अहिल्यानगर, जिभेला अजून सवय व्हायची आहे) कर्जतजवळ रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. काळविटांना हवा असतो तो असलाच उघडा, गवताळ माळ. तिथे कुणी हौसेने झाडांचं बी भिरकावलं, तर ते त्यांच्या खात्यातून परस्पर पैसे काढण्यासारखंच झालं.

याउलट अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. त्यांची बियाण्यांची बँक. गावरान बी न्यायचं आणि पीक आलं की दुप्पट परत करायचं. शंभर टक्के व्याज, आणि तरी ऋणको खूश! २०२० साली पद्मश्री मिळाली बाईंना. इतकं व्याज लावणाऱ्या दुसऱ्या कुणाला सरकारने हार घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

म्हणून आमच्या सौ.ने वळलेले गोळे मी गच्चीतल्या कुंड्यांतच ठेवायला लावले. डोंगरावरून काही आणलेलं नाही हो, अभयारण्यातलं पानसुद्धा विनापरवाना तोडता येत नाही. तिच्या माहेरच्या बांधावरचा तेरडा. श्रावणात फुलला. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणणाऱ्याने तेरडा लावला नसावा. आमचा चांगला गौरी जाईपर्यंत टिकला.

पण तेरड्याची बोंडं पिकली की फट्‌दिशी फुटतात आणि बी उडवतात. यंदा खालच्या मजल्यावरच्या नानांच्या तुळशीशेजारी दोन रोपं उगवली. नानांनी मला हाक मारली.

"हे तुमचं की आमचं?"

"बी आमचं, कुंडी तुमची," मी हिशेब मांडला.

"आणि पाणी?"

"घालतं कोण?"

"मीच की."

"मग तुमचंच."

"असं होय?" नाना म्हणाले, "मग पुढच्या आठवड्यात मी लेकीकडे चाललोय. किल्ली तुमच्याकडे ठेवतो."