यादी देवाकडे, हाक सर्वांना

कोणाचे तारण व्हायचे हे देवाने जगाच्या उत्पत्तीआधीच ठरवून ठेवले असेल, तर गावोगाव फिरून सुवार्ता सांगायची कशासाठी? असे मानणाऱ्या कॅल्विनपंथीयांना हा प्रश्न केवळ विरोधकांनीच विचारला असे नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तो त्यांच्याच घरात उभा राहिला.

ख्रिस्ताने प्राण दिला तो निवडलेल्यांसाठीच, असे तिथली पर्टिक्युलर बॅप्टिस्ट ही कॅल्विनपंथी मंडळी मानत. त्यांच्यातल्या अनेक धर्मोपदेशकांनी या श्रद्धेला शेवटपर्यंत ताणले. विश्वास ही देवाची देणगी आहे. मग ती ज्याला मिळालेलीच नाही, त्याला ‘विश्वास ठेव’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? तर्क बिनतोड होता, पण त्याने उपदेशकाची वाचा बांधली. समोर बसलेल्या माणसाला थेट साद घालणेच बंद पडत चालले.

ही गाठ सोडवली अँड्र्यू फुलर या केटरिंगच्या पाळकाने. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्सने केलेला भेद हाताशी धरला. पांगळ्याला चालता येत नाही, ती एक असमर्थता. पाय धड असून मनच उठू देत नाही, ती दुसरी. माणूस देवाकडे वळत नाही तो या दुसऱ्या कारणाने, म्हणून वळण्याचे कर्तव्य त्याच्यावर राहतेच आणि हाक मारण्याचे उपदेशकावर. फुलरने पूर्वनिवडीचा सिद्धांत कणभरही सोडला नाही. देवाने कोणाला निवडले हे माणसाला कळत नाही, म्हणून कोणालाही वगळण्याचा अधिकार माणसाला नाही. मला या विचारातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

विल्यम केरी याच वर्तुळातला. जोडे शिवणारा, स्वतःच्या बळावर भाषा शिकलेला. १७९२च्या त्याच्या प्रबंधात जगातल्या देशांची लोकसंख्या आणि धर्म यांचे तक्तेच्या तक्ते आहेत. तारण सर्वस्वी देवाच्या हाती मानणारा माणूस असा हिशेब मांडत बसतो, यात विसंगती नाही: देव साध्य ठरवतो तशी साधनेही ठरवतो, आणि उपदेश हे त्यातलेच एक साधन, अशी ती श्रद्धा. त्याच वर्षी केटरिंगमध्ये बॅप्टिस्ट मिशनरी संस्था निघाली, फुलर तिचा चिटणीस झाला. १७९३मध्ये केरी बंगालात उतरला. तिथले पहिले फळ, कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा, दिसले ते १८००च्या डिसेंबरात. मधली सात वर्षे केरी टिकला कशावर? फळ आपल्या हाती नाही, या खात्रीचा त्यात मोठा वाटा असावा. त्याच चिकाटीतून मराठीलाही काही मिळाले: १८०५चे व्याकरण, १८१०चा कोश, १८११चा नवा करार.

तरीही एक प्रश्न फुलरच्या युक्तिवादाने सुटत नाही. मन वळवण्याची कृपा देवाने काहींनाच दिली आणि बाकीच्यांना त्यांच्या हट्टावर सोडले, तर त्या बाकीच्यांना दोषी कसे धरायचे? पाय धड आहेत हे खरे, पण उठण्याची इच्छाही जर वरूनच यायची असेल, तर न उठणाऱ्याला दिलेली शिक्षा न्याय्य आहे असे मानायला माझे मन तयार होत नाही. देवाचे न्याय माणसाच्या मापाने मोजू नयेत, हे कॅल्विनचे उत्तर मी आदराने वाचतो. पण ज्याची निवड झाली नाही, त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहिले की ते अपुरे वाटते.