मोगऱ्याचे पाणी

अंगणात मोगरा लावावा की लावू नये, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैनसारख्या गावाचा विचार केला, की त्याचे गांभीर्य ध्यानात येते. मोगरा वर्षभर हिरवा असला, तरी त्याचा बहर मुख्यतः उन्हाळ्यातला. म्हणजे नेमका विहिरी तळ गाठतात त्या दिवसांतला. माणसे हंडाभर पाण्यासाठी वणवण करीत असता सुगंधासाठी पाणी घालणे न्याय्य आहे काय?

शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे क्षेत्र. जैन विचारात पाण्याच्या ठायीही जीव मानला आहे. ते गाळून व बेताने वापरावे, असा दंडक आहे. आपणां ख्रिस्ती कुटुंबांनाही तो अंतर्मुख करणारा आहे.

दुसरीकडे बेथानीचे ते घर आठवते. मरियेने प्रभूच्या चरणांना जटामांसीचे मोलाचे तेल लावले आणि सारे घर सुगंधाने भरून गेले. हे तेल 300 दीनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असे यहूदाने विचारले. प्रश्न रास्त होता. विचारणाऱ्याच्या मनात मात्र गरीब नव्हते. आम्हांला वाटते, काटकसरीची कसोटी येथेच आहे. वाचवलेला हंडा शेजाऱ्याच्या दारी पोहोचला नाही, तर मोगराही वाळतो आणि तहानही भागत नाही.

मोगऱ्याला पाण्याची उधळपट्टी नकोच असते. हिवाळ्यात त्याचे पाणी तोडून फांद्या छाटाव्यात, कारण कळ्या नव्या फुटीवर येतात. मग शेणखत द्यावे. त्याला ऊन भरपूर हवे. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून खड्ड्यात वाळू मिसळावी. बुंध्याशी पालापाचोळा पसरावा आणि डाळ-तांदूळ धुतलेले पाणी घालावे. तेवढ्यावरही तो फुलतो. पिण्याचेच पाणी अपुरे पडले, तर मात्र मोगऱ्याने थांबावे. मुरलेले झाड काही काळ ताण सोसते व पावसात पुन्हा फुटते. तहानलेले मूल थांबू शकत नाही.

बटमोगऱ्याला बी धरत नाही. कोणीतरी फांदी दिल्यावाचून तो आपल्या अंगणात येत नाही. दुसऱ्याच्या दातृत्वाने जे आपल्याला लाभले, ते दुसऱ्याची तहान विसरून कसे वाढवावे?